मदत हवी आहे: सहा शेतांवरील नोंदी कारखान्यापुढे कशा मांडाव्यात?

जालना जिल्ह्यातील पेरणीयंत्रांच्या एका लहान कारखान्यासाठी मी एथ्नोग्राफीच्या पद्धतीने (लोकांचे काम प्रत्यक्ष जागेवर बसून पाहत) अभ्यास करत आहे. रुंद वरंबा-सरी यंत्र (रुंद वरंबे व सऱ्या पाडत पेरणारे ट्रॅक्टरचलित यंत्र) घेतलेले काही शेतकरी सोयाबीन पुन्हा तिफणीनेच का पेरतात, हा मालकांचा प्रश्न आहे. आधी प्रश्नावली फिरवली. समोर कंपनीचा माणूस म्हटल्यावर सर्वांनी, रीतीप्रमाणे, यंत्राचे कौतुकच केले. मग पेरणीच्या दिवसांत सहा शेतांच्या बांधावर बसलो, तेव्हा दिसले की बियाण्याचे प्रमाण आणि फाळाची खोली शेतमालक नव्हे, तर भाड्याचा ट्रॅक्टरचालक ठरवतो, आणि हे ज्ञान चालक एकमेकांना गप्पांतून देतात. झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांमध्येही ज्ञान असेच गप्पांतून पसरते, हे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांना आढळले होते.

वाफसा (पेरणीयोग्य ओल) आल्यावर पेरणी चार-पाच दिवसांत आटोपते, त्यामुळे खरिपातले निरीक्षण आता पुढच्या वर्षीच शक्य आहे. चालकांनी चित्रीकरणास नकार दिला असून माझ्याकडे केवळ हस्तलिखित नोंदी आहेत. अभियंते मात्र आकडे मागतात. नमुना वाढवणे शक्य नाही, आणि सहा शेतांची टक्केवारी काढणे मला अप्रामाणिक वाटते. उद्योगक्षेत्रात असे काम केलेल्यांनी सांगावे: या नोंदींतून यंत्राच्या रचनेतील नेमका बदल सुचवणारा अहवाल कसा लिहावा, की तो ‘सहाच जणांचे म्हणणे’ म्हणून बाजूला पडणार नाही?