दंड भरण्याआधी थोडं थांबा

हिप्परगा तलावाजवळ मित्राच्या गाडीच्या डिकीत बिअरच्या बाटल्या सापडल्या आणि २० वर्षांच्या भाच्याला पकडलं, आता काय करावं, असं एकानं इथे विचारलंय. त्यावर बऱ्याच जणांनी सल्ला दिलाय, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." मला हा सल्ला पटत नाही. कोर्टात गुन्हा कबूल केला की दंड कितीही किरकोळ असो, ती दोषसिद्धीच. पुढे सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती लपवता येत नाही.

दारू बाळगण्याच्या परवान्याच्या मुद्द्यावर मात्र वेळ घालवू नका. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे तिथे बचावच नाही. खरी लढाई 'ताबा' कुणाचा यावर आहे. गाडी मित्राची, डिकी त्याची, चावी त्याच्याकडे. मग बाटल्या भाच्याच्या कशा? पंचनाम्याची नक्कल आधी काढा. पंच स्वतंत्र होते का, बाटल्या जागेवरच सील केल्या का, रासायनिक तपासणीचा अहवाल आहे का, हे वकिलाला बारकाईनं बघू द्या.

फी जड जात असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. उत्पन्नाच्या अटीत बसलात तर वकील मोफत मिळतो. अन् दोषी ठरलाच, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सोडण्याची विनंती वकिलाला करायला सांगा.