अनुभव धागा: सीडी रिप करताना ड्राइव्ह रांगायला लागतो तेव्हा

जुनाबाजा

कपाटातल्या गाण्यांच्या सगळ्या सीड्या हार्ड डिस्कवर उतरवायच्या असं कित्येक वर्षं घोकत होतो, शेवटी मुहूर्त लागला. जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोज एक्सपी, आत रुंद पट्टीच्या केबलचा ५२ एक्सचा ड्राइव्ह (एक एक्स म्हणजे सीडी नेहमी वाजते तो वेग). पहिल्या आठ-दहा सीड्या चार-पाच मिनिटांत एक अशा झरझर झाल्या. मग एक चरे पडलेली सीडी घातली. ती अर्ध्यावर अडकली, ड्राइव्ह कुरकुरला, मी वैतागून ट्रे उघडला. त्यानंतर कोरी करकरीत सीडी घातली तरी वेग दोन एक्सच्या वर जाईना. तासाभराच्या सीडीला अर्धा तास!

आधी ड्राइव्ह गेला असं धरून चाललो होतो. पण एक गोष्ट खटकत होती. रिपिंग चालू असताना माउसचा बाण अडखळत पळायचा. साधी खिडकी हलवली तरी तिच्यामागे शेपूट दिसायचं. ड्राइव्ह हळू असेल तर प्रोसेसरने बसून राहायला हवं, इथे तर तो घामाघूम.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनेलच्या (ड्राइव्ह ज्या केबलवर आहे त्या वाटेच्या) गुणधर्मांत पाहिलं, तर डीएमएच्या जागी पीआयओ मोड. म्हणजे ड्राइव्हकडून येणारा डेटा थेट मेमरीत न जाता प्रोसेसर स्वतः घमेली भरून वाहतोय. एक्सपीचा नियम असा की त्या चॅनेलवर टाइमआउट (वेळेत उत्तर न येणं) किंवा सीआरसीच्या (डेटा वाटेत बिघडल्याच्या) सहा चुका साठल्या की तो वेग पायरी-पायरीने उतरवतो, आणि आपणहून परत चढवत नाही. त्या एका खराब सीडीने हा कोटा पुरा केला होता. चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू केला, डीएमए परत आला, गाडी रुळावर.

तुमच्याकडे काय निघालं ते लिहा. निदान कसं झालं तेही लिहा, नुसतं 'ड्राइव्ह बदलला' नको. माझ्या तीन सीड्या अजून अडलेल्या आहेतच.

तारयंत्र

माझा किस्सा जरा लाजिरवाणा आहे. ड्राइव्ह बाहेरून जोडायचा, स्वतःचा अडॅप्टर असलेला. काहीही केलं तरी काटा सहा एक्सपाशी येऊन थांबायचा. पाच नाही, आठ नाही, कुठलीही सीडी घ्या, सहाच. दोन रिपर (सीडी उतरवणारे प्रोग्रॅम) बदलून पाहिले, तोच आकडा.

इतका ठाम आकडा दिसला की सीडीवर संशय घेऊ नये, वाट अरुंद आहे असं समजावं. मी ड्राइव्ह कीबोर्डच्या मागच्या पोर्टात खोचला होता. हात सहज पोचतो म्हणून! तो पोर्ट यूएसबी १.१ चा, सेकंदाला १२ मेगाबिट. प्रत्यक्षात हाती येतो साधारण एक मेगाबाइट. ऑडिओला एका एक्सला सेकंदाला १७६ किलोबाइट लागतात (४४,१०० नमुने, दोन चॅनेल, प्रत्येकी दोन बाइट), करा भागाकार. केबल थेट संगणकाच्या मागे लावली आणि विषय संपला.

षड्ज

@जुनाबाजा, सगळ्या सीड्या हळू की ठरावीकच, हा पहिला प्रश्न. बाकीचं नंतर. सगळ्या हळू असतील तर केबल, पोर्ट, मोड, सेटिंग. ठरावीकच असतील तर सीडी. लोक हे न विचारताच स्क्रूड्रायव्हर काढतात.

मठ्ठमांजर

मी काढला होता स्क्रूड्रायव्हर. :)

पहिला ट्रॅक २० एक्सने सुरू होतो, शेवटचा ४५ ने संपतो, म्हणजे लेन्सवर धूळ असणार, असा माझा समज. ड्राइव्ह उघडून लेन्स पुसली, परत बसवली, तेच. मग कळलं की सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि हे ड्राइव्ह चकती एकाच गतीने फिरवतात. ऑडिओ केंद्रापासून २५ मिलीमीटरवर सुरू होतो आणि जास्तीत जास्त ५८ वर संपतो. त्याच एका फेऱ्यात बाहेरच्या कडेला दुपटीहून जास्त अंतर कापलं जातं. डब्यावरचा ५२ हा आकडा फक्त कडेचा असतो. सीडी ४० मिनिटांचीच असेल तर तो कधीच दिसत नाही. एक स्क्रू जास्तीचा उरलाय, तो अजून ड्रॉवरमध्ये आहे.

रात्रपाळी

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा रिपर वापरणाऱ्यांनी आधी मोड बघा. सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक भाग किमान दोनदा वाचतात आणि दोन्ही वाचनं जुळली तरच पुढे जातात. नाही जुळली की पुन्हा पुन्हा. म्हणजे धडधाकट सीडीलाही निम्मा वेग ठरलेलाच.

त्यात ड्राइव्ह ऑडिओ कॅश करणारा असेल तर आणखी पंचाईत. दुसरं वाचन चकतीवरून न येता ड्राइव्हच्या स्वतःच्या मेमरीतून येतं. परीक्षेत स्वतःच्याच वहीवरून उत्तर तपासल्यासारखं. म्हणून प्रोग्रॅम मुद्दाम दुसरीकडचा डेटा वाचून ती मेमरी धुऊन काढतो आणि मग परत येतो. माझा ड्राइव्ह कॅश करत नव्हता, पण मी कुणाचं तरी वाचून 'करतो' वर खूण ठेवली होती. प्रोग्रॅममधली ड्राइव्हची तपासणी चालवली, खूण काढली, वेग जवळजवळ दुप्पट. आयट्यून्समध्येही ऑडिओ सीडी वाचताना चुका दुरुस्त करण्याचा पर्याय असतो, त्यानेही वेळ वाढतो.

हल्ली मी आधी बर्स्ट मोडने एकदाच वाचतो आणि ॲक्युरेटरिप या ऑनलाइन यादीशी ताळा करतो. तीच सीडी इतरांनी वाचून आलेले चेकसम (डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) तिथे असतात. जुळले तर कशाला दोनदा वाचायचं? न जुळलेल्या ट्रॅकपुरताच सिक्युअर.

षड्ज

@रात्रपाळी, दुर्मिळ सीडी असेल तर ताळा करायला तिथे कुणी नसतंच. तेव्हा सिक्युअरच, मग रात्र गेली तरी चालेल.

रात्रपाळी

ते मान्य.

कागदीफूल

माझ्याकडच्या बऱ्याच सीड्या घरी बर्न केलेल्या, वर हौसेने छापलेले गोल कागदी स्टिकर. तेव्हा फार छान दिसायचे. आता एका बाजूने सुटलेत. अशी सीडी घातली की ड्राइव्ह आधी गुणगुणतो, मग घोंघावतो, मग टेबलावरचा पेन हलायला लागतो. तोल गेलेली चकती हजारो फेऱ्यांनी फिरवल्यावर दुसरं काय होणार? ड्राइव्ह घाबरून वेग उतरवतो, थोड्या वेळाने धीर करून वाढवतो, पुन्हा चुकतो. चढ-उतारातच पाऊण तास.

उपाय उलटा निघाला: रिपरमध्ये वाचनाचा वेग आठ एक्सवर बांधून टाकला. घोंघावणं बंद, एकही फेरवाचन नाही, सीडी दहा मिनिटांच्या आत पूर्ण. तेव्हापासून संशयास्पद सीडी मी आधीच हळू लावते. स्टिकर ओढून काढायचा मोह मात्र आवरा. मी एक काढला, त्याच्याबरोबर चंदेरी थरही आला. त्या जागेतून खोलीतला दिवा आरपार दिसत होता.

पारदर्शक

त्याचं कारण, डेटाचा थर वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वर लाखेचा पातळ लेप तेवढा. खालून मात्र सव्वा मिलीमीटरच्या आसपास प्लॅस्टिकचं कवच. म्हणून खालचा ओरखडा भयंकर दिसला तरी बहुतेकदा वाचतो, आणि वरचा छोटासा टवका घात करतो. पुसताना केंद्रातून सरळ कडेकडे. गोल गोल पुसलं आणि चरा पडला तर तो ट्रॅकच्याच दिशेने लांबवर जातो. सीडीची चूकदुरुस्ती ट्रॅकवरचं साधारण अडीच मिलीमीटरचं भगदाड भरून काढते, पुढे तिचाही इलाज चालत नाही. ऑडिओ सीडीला डेटा सीडीसारखा दुरुस्तीचा जादा थर नसतो, त्यामुळे ड्राइव्ह अंदाजाने जागा भरतो किंवा टिकटिक ऐकू येते.

लोलक

आमच्या ड्राइव्हवर डीव्हीडी मस्त चालायच्या आणि सीड्या रखडायच्या, नव्यासुद्धा. मी आठवडाभर सेटिंगं चाळत बसलो. कारण साधं होतं: अशा ड्राइव्हमध्ये डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीला ७८० नॅनोमीटरचा, असे दोन लेसर असतात. एक थकला, दुसरा ठणठणीत. इथे मात्र ड्राइव्ह बदलला. निदान लिहिलंय, चालेल ना?

टर्मिनलवासी

लिनक्सवर सीडीपॅरानोइया हा रिपर. नावातच संशय आहे. वाचताना एक छोटा चेहरा दाखवतो, सुरळीत असेल तर हसरा, अडलं की तोंड बदलतं. एका रात्री तो चेहरा तासभर तसाच वेडावाकडा बघत बसलो होतो. शेजारच्या ड्राइव्हमध्ये तीच सीडी घातली, सहा मिनिटांत हसरा. ओरखडा तोच, पण प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी. दुसरा ड्राइव्ह हाताशी असेल तर आधी तो करून बघा.

जुनाबाजा

सगळ्यांचे आभार, तीन सीड्यांचा अहवाल देतो. पहिली केंद्रातून कडेकडे पुसली, चार एक्सवर बांधली, झाली. दुसरी धाकट्या भावाच्या लॅपटॉपमध्ये एका दमात निघाली, तिथे काहीच करावं लागलं नाही (त्याने हे दोनदा बोलून दाखवलं). तिसरीला वरच्या बाजूला मोहरीएवढा टवका आहे. उजेडात धरली तर लुकलुकतो. सहा ट्रॅक ताळ्यात जुळले, सातवा आत्ता ०.३ एक्सने चालू आहे. मधूनच चॅनेल तपासतोय, पुन्हा पीआयओवर गेला नाही ना म्हणून.