मदत हवी आहे: दुपारनंतर चुलीचा धूर उलटा घरात येतो

नमस्कार मंडळी, गावचं घर देवगडच्या बाजूला, समुद्र जवळच. गॅस आहे पण तो चहा-दुधापुरता, भाकरी, पेज, माशाचं कालवण सगळं चुलीवर. चूल सिमेंटची निर्धूर, वैलासकट (चुलीला मागे जोडलेलं दुसरं तोंड), मागून ४ इंची सिमेंटचा पाइप कौलांतून वर काढलेला. इतकी वर्षं बरी चालली, धूर अजिबात नाही असं नाही पण डोळे चोळत बसायची वेळ नव्हती.

वानरांनी कौलं फोडून फोडून वैताग आणला म्हणून मे महिन्यात पत्रे घातले आणि त्यात आढंही (छपराचा सगळ्यात उंच कणा) थोडं उचललं. धुरांडं मात्र होतं तेवढंच राहिलं, आता पत्र्याच्या वर जेमतेम हातभर दिसतं. पाऊस आत येऊ नये म्हणून पत्रेवाल्याने वर टोपी बसवून दिलीय, ती पाइपला इतकी खेटून की मध्ये चार बोटं जात नाहीत. स्वयंपाकघर कोंदट झालं म्हणून एक्झॉस्ट फॅनपण लावला.

तेव्हापासून सकाळी ठीक असतं, पण दुपारी वारा सुटला की चुलीच्या तोंडातून भपकन धूर बाहेर येतो, वैलावर भांडं नसेल तर तिथूनही. एक्झॉस्ट लावला की कमी व्हायचा सोडून वाढतो, हे तर डोक्यावरूनच जातंय. मागचं दार उघडं टाकलं की जरा बरं.

लाकूड ऐन-किंजळीचं, मागच्या वर्षीचं, पडवीत रचलेलं. पाइप साफ करून झाला, गोणपाटात नारळ गुंडाळून दोरीने खालीवर केला, डांबरासारखं चिकट बरंच निघालं पण फरक शून्य. आईला खोकला लागलाय. "चूल काढून टाका" हा सल्ला कृपया नको, तो विषय घरात बोलून झालाय.

दर्यावर्दी: स्वयंपाकघर आढ्याच्या कुठल्या बाजूला?

धागाकर्ता: पूर्वेला, मागीलदारी.

दर्यावर्दी: मग झालंच की. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो, आढ्यावरून उडी मारून पूर्वेच्या उतारावर खाली आदळतो आणि तुमचं धुरांडं नेमकं तिथेच, आढ्यापेक्षा ठेंगणं. धूर वर जाणार कसा? सकाळी तो वारा नसतो म्हणून ठीक. पाइप आढ्याच्या वर किमान २ फूट जायला हवा. टोपीपण उचला, पाइप ४ इंची तर मधली फटही निदान तेवढी तरी हवी.

मागीलदार: वरचं बरोबर, पण अर्धंच. कौलांच्या फटींतून घर श्वास घेत होतं, धूर तिथूनही निघायचा आणि बाहेरची हवापण यायची. (वाशांना धुरी मिळायची, कीड लागत नसे, तो फायदा वेगळाच.) पत्र्याने सगळं बंद झालं. आता फॅन घरातली हवा बाहेर ओढतो, तेवढी आत यायला वाट नाही, मग ती धुरांड्यातून खाली येते, धूर घेऊनच. दार उघडल्यावर बरं वाटतं ते त्यामुळेच. उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरून बघा, फॅन बंद ठेवून आणि मग लावून. चूल विझलेली असतानाच करा हं. आणि हो, रात्री निखारे असताना दार-खिडक्या लावून त्या खोलीत कोणी झोपू नका, निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वासही नसतो.

धागाकर्ता: केलं. फॅन बंद असताना धूर हळूहळू चुलीत शिरतो, लावला की सरळ माझ्या तोंडावर! फॅन बंद केलाय, चुलीजवळच्या भिंतीत खाली जाळीचा झरोका पाडतोय. पाइपला वर जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा) तुकडा जोडला तर चालेल का? आणि जुना पाइप ग्राइंडरने कापून नीट करून घेऊ का?

दर्यावर्दी: जीआय चालेल, फक्त मापाने बारीक नको, आणि तारांनी तीन बाजूंनी ताण द्या, नाहीतर पहिल्याच वादळात खाली. जुन्या सिमेंटच्या पाइपला ग्राइंडर अजिबात लावू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ छातीत जाणं वाईट. बाहेरून कॉलर घालून जोडा.

मागीलदार: पाइप होईपर्यंत वैलावर रिकामं असेल तेव्हा तवा पालथा घाला. आणि पेटवताना आधी सुकं चुडत (माडाची वाळलेली झावळी) भडकवा, पाइप तापला की मग मोठी लाकडं. चूल आणि वैल यांच्यामधल्या बोगद्यातली राख काढलीत का?

धागाकर्ता: नाही, ती राहिलीच. उद्या काढतो.