मदत हवी आहे: अ‍ॅश मेडोजच्या झऱ्यांतील गोगलगायी

नमस्कार. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील अ‍ॅश मेडोज या वाळवंटी पाणथळ प्रदेशात राहणाऱ्या पिर्गुलॉप्सिस या प्रजातीच्या गोगलगायींवर मी मराठीत लेख लिहीत आहे आणि दोन ठिकाणी अडलो आहे.

पहिली अडचण शरीररचनेची आहे. यांचा शंख जेमतेम काही मिलिमीटरचा असतो आणि त्यावर खुणाही फारशा नसतात. त्यामुळे जाती ओळखताना नराच्या लिंगाचा आकार, त्याचे खंड आणि त्यावरील ग्रंथींचे उंचवटे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. शंखाचे तोंड बंद करणाऱ्या चकतीला ‘प्रच्छद’ म्हणावे की साधे ‘झाकण’, हे मी ठरवू शकेन. परंतु या ग्रंथीयुक्त उंचवट्यांसाठी प्राणिशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत रुळलेला शब्द आहे का?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे प्राणी कल्ल्यांनी श्वास घेतात, कोरड्या जमिनीवरून दुसऱ्या झऱ्याकडे जाऊ शकत नाहीत आणि बहुधा झऱ्याच्या उगमाजवळ, जिथे तापमान व क्षार स्थिर असतात, तिथेच दाटीने राहतात. पिर्गुलॉप्सिस फेअरबँक्सेन्सिस ही जाती तर केवळ फेअरबँक्स या एका झऱ्यापुरती मर्यादित आहे; भूजलाचा उपसा वाढून तो आटला, तर ती कायमची संपेल. मग इतक्या जवळच्या झऱ्यांत वेगळ्या जाती कधी आणि कशा निर्माण झाल्या? हिमयुगातील जलमार्ग तुटल्यामुळे, की त्याहून जुन्या भूहालचालींमुळे? भूशास्त्र किंवा मृदुकाय प्राण्यांचा अभ्यास असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.