ब्रेक दाबला की ट्रॉलीचे चारही इंडिकेटर मंद पेटतात, टेल (मागचा लाल दिवा) विझतो. काय चुकलंय?

शिरोळचा_ऊसवाला
नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर 2003 चा, 12 व्होल्ट, मागं दोन ट्रॉल्या. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत दिवे एकदाचे नीट करावेत म्हणून हात घातला आणि फसलो. ट्रॅक्टरच्या मागं 7 पिनचा सॉकेट नवा बसवला, ट्रॉलीला नवी केबल ओढली. रंग जुळवायला पुतण्यानं मोबाईलवर कुठल्यातरी अमेरिकन पिकअपचा व्हिडिओ लावला होता.

आता नुसता टेल लावला तर बरा पेटतो. ब्रेक दाबला की टेल जवळजवळ जातो आणि दोन्ही ट्रॉल्यांचे इंडिकेटर निखाऱ्यासारखे धुगधुगतात. बल्ब दोनदा बदलले. आणखी एक गंमत म्हणजे ट्रॉली उसानं भरलेली असली की त्रास कमी, रिकामी परत येताना जास्त. माझी बायको म्हणते, ट्रॉलीलाबी घरी यायचा कंटाळा येतोय. रात्री मागून कुणी धडकलं तर काय, या काळजीनं झोप लागत नाही, म्हणून विचारतोय.

वाळव्याचा_बुलेटवाला
फ्लॅशर गेला असेल. 100-150 रुपयांचा येतो, बदलून बघा.

कराडचा_वायरिंगवाला
फ्लॅशर राहू दे. फ्लॅशर बिघडला तर इंडिकेटर टिकटिक करायचा थांबेल नाहीतर भराभर मारेल, ब्रेकनं टेल विझवणार नाही. 31 वर्षं हेच केलंय, आता दुकान पोराकडं आहे. दादा, तुमच्या ट्रॉलीला अर्थ नाही, म्हणजे दिव्यांचा करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी वायर नाही.

तुम्ही स्वतःच पुरावा दिलाय, भरलेली असली की बरी आणि रिकामी असली की वाईट. म्हणजे तुमचा अर्थ हूकच्या पिनमधून येतोय. भरल्या ट्रॉलीचा भार दांडीवर पडतो, लोखंडाला लोखंड चिकटतं, करंट जातो. रिकामी ट्रॉली उडते, पिन त्या भोकात खुळखुळते, त्यात ग्रीस, गंज, वरून रंग. मग परतीची वाट बंद.

आता टेल का विझतो ते सांगतो, कारण हे कळलं की पुन्हा कधी फसणार नाही. अर्थ नसला तरी करंट गप्प बसत नाही, दुसऱ्या बल्बातून उलटा शिरून वाट काढतो. नुसता टेल लावला असताना तो टेलच्या 5 वॅटच्या तारेतून (बल्बाच्या आतल्या फिलामेंटमधून) येतो आणि त्याच बल्बातल्या ब्रेकच्या 21 वॅटच्या जाड तारेतून मागं ट्रॅक्टरकडं निघून जातो. जाड तारेला अडथळा कमी, म्हणून टेल बरा दिसतो आणि आपण म्हणतो वायरिंग झकास. ब्रेक दाबला की त्या वाटेवर समोरूनच 12 व्होल्ट येतात. मग उरतात फक्त इंडिकेटर. सगळा करंट त्यांच्यातून पळतो, म्हणून ते धुगधुगतात आणि टेलच्या वाट्याला काही उरत नाही.

खात्री करायची असेल तर मल्टिमीटर घ्या. काळी पिन ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मायनसला, लाल पिन ट्रॉलीच्या दिव्याच्या पत्र्याला, रंग खरवडून. कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवलं तर मी खोटा.

आता सॉकेट उघडा. आत पिनांजवळ 1 ते 7 आकडे असतात, ते भिंगातून का होईना वाचा, रंगावर जाऊ नका. 1 डावा इंडिकेटर, 4 उजवा, 5 उजवा टेल, 7 डावा टेल, 6 ब्रेक. 2 नंबर मागच्या फॉगचा, आपल्याकडं बहुतेक रिकामाच. आणि 3 अर्थ. माझी पैज आहे, तुमचा 3 नंबर रिकामा आहे.

अर्थला जाड वायर घ्या, 2.5 चौरस मिमीची. दिव्यांना 1 ची चालते, पण सगळ्या दिव्यांचा करंट परत येतो तो या एकीतून. दोन ट्रॉल्यांचे चार ब्रेक बल्ब म्हणजे 84 वॅट, साधारण 7 अँपिअर. थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून बोल्टखाली घट्ट, खाली पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासलेलं लोखंड, वर व्हॅसलिन. नुसती वायर पिळून वर टेप मारला तर पावसाळ्यानंतर मलाच शोधत याल.

ह्यूस्टनकर
व्हिडिओबद्दल सांगतो, कारण माझा 1997 चा पिकअप आहे आणि मागं बोटीचा ट्रेलर असतो. इथल्या साध्या ट्रेलरला चारच वायरी, पांढरी अर्थ, तपकिरी टेल, पिवळी डावी, हिरवी उजवी. ब्रेकची वेगळी वायर नाहीच, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच तारेवर पेटतात. तुमच्याकडं दोन्ही वेगळे असतात, त्यामुळं तो व्हिडिओ बघून 6 नंबर कुठं जोडायचा हे कळणारच नाही. अर्थचं मात्र काकांनी सांगितलं तेच. मीही ट्रेलर अडकवायच्या बॉलवरच्या अर्थवर दोन उन्हाळे काढले होते.

शिरोळचा_ऊसवाला
काका, पैज जिंकलात. 3 नंबर रिकामा. वायरिंग करणाऱ्यानं सांगितलं होतं की "हूकमधनं अर्थ येतोयच की". मल्टिमीटरवर 5.8 व्होल्ट आले. आज जाड वायर ट्रॅक्टरच्या चेसिसपासून दिव्यांपर्यंत नेली, आता 0.2. ब्रेक दाबला तर दिवे असे लाल पडले की शेजारच्या म्हाताऱ्यानं बाहेर येऊन विचारलं, काय जळतंय. दुसऱ्या ट्रॉलीलाही अर्थ वेगळा न्यायचा ना? का पहिल्या ट्रॉलीच्या चेसिसवर भागेल?

कराडचा_वायरिंगवाला
भागणार नाही. दोघींच्या मधे पुन्हा तीच खुळखुळती पिन आली. पहिल्या ट्रॉलीच्या मागं दुसरा सॉकेट बसवा आणि 3 नंबर सलग मागपर्यंत न्या. केबलला वळणाची ढील ठेवा, पण इतकी नको की रस्त्याला घासेल. जॅकच्या हायड्रॉलिक पायपाला टायनं बांधली तर बरं.

ट्रॅक्टरवर ट्रॉलीच्या वायरीला 15 अँपिअरचा वेगळा फ्यूज लावा, शक्य असलं तर ब्रेक आणि टेलला रिलेही, म्हणजे करंटचा भार स्वतः झेलणारा स्विच. जुन्या ट्रॅक्टरचा लाईटचा स्विच एवढ्या बल्बांसाठी केलेला नसतो, वितळतो. बल्ब काढून एलईडी लावणार असाल तर फ्लॅशर जुन्या पद्धतीचा चालणार नाही, त्याला तापायला करंटच मिळत नाही. तेवढ्यापुरता वाळवेकरांचा सल्ला बरोबर!

आणि मागचे लाल रिफ्लेक्टर पुसत जा. ट्रॅक्टर बंद पडून अंधारात रस्त्यात उभा राहिला तर शेवटी तेच दिसतात.

शिरोळचा_ऊसवाला
दुसऱ्या ट्रॉलीचं झालं, फक्त डावा इंडिकेटर मेलेला होता. चेसिसच्या पाईपातून केबल ओढून काढली तर वीतभर तांबं उघडं, उंदरानं सगळं प्लॅस्टिक खाल्लंय. उन्हाळाभर ट्रॉली गोठ्याला लागून उभी होती ना. उद्या नवी केबल टाकतो, यंदा फ्लेक्झिबल पाईपात घालून.