अनुभव धागा: व्हीली शिकताना नेमकं काय कळलं?

अर्धाक्लच
आज एक क्लिप समोर आली. पोरगं झकास गाडी उचलतंय, पण उजवा पाय फुटरेस्टवर टाचेने टेकलेला आणि ब्रेकपासून चांगला वीतभर लांब. जुनं सगळं डोक्यात आलं, म्हणून हा धागा.

रस्त्यावरच्या साध्या गाडीवर व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून फक्त मागच्या चाकावर चालवणं, शिकताना किंवा शिकवताना जे हाती लागलं ते लिहा. पराक्रम नकोत, मापं आणि कारणं हवीत. बंद मोकळी जागा, हेल्मेट, पाठीचं-गुडघ्याचं गार्ड, घोट्यावर येणारे बूट हे धरूनच चाललोय, त्यावर वाद नको.

सुरुवात माझी. व्हीली उजव्या पायाने शिकायची असते, मनगटाने नाही. पायाचा चवडा कायम मागच्या ब्रेकवर, पेडल न दाबता नुसता टेकलेला. पहिल्या गिअरमध्ये १५ च्या स्पीडला चाक फक्त वीतभर उचलायचं आणि लगेच ब्रेक मारून खाली आणायचं. गरज नसताना, मुद्दाम, दर वेळी. पाय न सांगता जायला लागला की मग उंचीचं बघू. बहुतेक जण आधी उंची गाठतात आणि ब्रेक 'नंतर' शिकणार असतात.

साखळी
भारी धागा. आलेच, पोरांना क्लासला सोडून.

न्यूट्रल
ब्रेकने खाली का येते ते लिहून ठेवतो, नाहीतर 'मागचा ब्रेक लावला तर अजून मागे पडणार ना' हा प्रश्न येतोच. ब्रेक लागला की टायरचा जमिनीला धरलेला भाग मंदावतो, वरचं वजन मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतं. म्हणून गाडी पुढे झुकते. रेस दिल्यावर जे होतं त्याच्या बरोबर उलट.

आता हिशोब. गाडी आणि स्वार मिळून गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ६५० मिमी पुढे आणि जमिनीपासून ६५० मिमी वर आहे असं धरा. नुसत्या रेसवर चाक उचलायला जवळपास १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा, प्रवेग लागतो. दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीत तेवढा दम नसतो, म्हणून क्लच. क्लच सोडताना फिरत्या क्रँकमध्ये साठलेली ऊर्जा एका झटक्यात चाकाला मिळते.

चाक वर जाऊ लागलं की गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या जवळ येतो, म्हणजे ताकद कमी लागते. वरच्या मापांनी साधारण ६० अंशांवर तो आसाच्या बरोबर वर येतो आणि तिथे रेस जवळपास शून्य लागते. खाली जेवढी रेस दिली तेवढीच वर चालू ठेवली की गाडी उलटलीच.

गरगर
१ जी म्हणजे नेट पॅक ना भाऊ? 😂

ग्रीसनाना
न्यूट्रलने बरोबर लिहिलंय. त्यात भर: बॅलन्सच्या, म्हणजे गुरुत्वमध्य आसाच्या बरोबर वर येतो त्या बिंदूच्या, मागे गेल्यावर घाबरून क्लच दाबू नका. रेस बंद केली तर निदान इंजिन ब्रेकिंग मिळतं, क्लच दाबला की तेही जातं आणि गाडी आरामात मागे पडते. तिथे फक्त ब्रेक.

गाडीची तयारी, घाईत लिहितोय, पुढे दुकानात गिऱ्हाईक आहे:

मागच्या टायरची हवा ३२-३४ पीएसआय असते ती सरावापुरती २५ पर्यंत उतरवा. टायर जरा पसरतो आणि गाडी आडवी डुलत नाही. रस्त्यावर जायच्या आधी परत भरा. पुढच्याला हात लावू नका.

क्लच लिव्हरचा फ्री प्ले २-३ मिमी. जास्त ढिला असेल तर क्लच अर्धवट सुटत राहतो, अगदी ताठ असेल तर प्लेटा घसरून जळतात. रेस वाढतेय पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतोय, म्हणजे थांबा, वीस मिनिटं गार होऊ द्या.

ऑइल गार असताना वरच्या खुणेपर्यंत. गाडी उभी झाली की सगळं ऑइल मागे जातं. ज्या इंजिनात ऑइलची गाळणी पुढच्या अंगाला आहे तिथे पंप हवा ओढतो. वीतभर उचलण्यात काही होत नाही, लांब व्हीलीत होतं. पण खुणेच्या फार वर भरलं तर ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टरमध्ये येतं, तेही नको.

मुक्कामपोस्ट
नाना, ब्रेक पेडलची उंची लिहायची राहिली.

ग्रीसनाना
हो. बूट घालून बसल्यावर चवडा सरळ ठेवला की पेडलला टेकला पाहिजे, घोटा वाकवावा लागता कामा नये. ड्रम असेल तर रॉडच्या नटाने मोकळी चाल कमी करा, पण गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवून बघा, घासता कामा नये.

टूस्ट्रोक ताई
क्लच-अपच्या (क्लच झटक्यात सोडून चाक उचलण्याच्या) पायऱ्या कुणीच नीट लिहिल्या नाहीत, म्हणून लिहिते. दोनशे सीसीच्या आसपासचा सिंगल सिलिंडर धरलाय.

पहिला गिअर, १५ ते २०, सरळ रेष. बूड सीटवर मागे, हात सैल, नजर दूर. क्लच दोन बोटांनी जेमतेम सुटेल इतकाच ओढायचा, पूर्ण नाही. त्याच क्षणी रेस साधारण ६,००० पर्यंत आणि बोटं पटकन सोडायची. रेस धरून ठेवायची, चाक सुटल्यावर मग हळूहळू कमी. हँडल ओढायचं नाही! ओढलं तर गाडी नाही, तुम्ही पुढे येता.

चाक फूटभर उठून धपकन पडत असेल तर दोनच कारणं: क्लच हळू सुटतोय, किंवा चाक उठताच भीतीने रेस बंद होतेय. बहुतेक वेळा हे दुसरं कारण असतं. डावी-उजवीकडे जात असेल तर फुटरेस्टवरचं वजन बघा आणि रेस पिळताना उजवा हात हँडल ओढतोय का ते बघा.

आणि मूठ. रेस वरून सरळ धरली तर गाडी उठताना शरीर मागे जातं, मनगट खाली पडतं आणि रेस आपोआप अजून उघडते. उलटणाऱ्या बऱ्याच गाड्या अशाच उलटतात. कोपर वर ठेवून, दाराची गोल मूठ पकडतो तशी तिरकी पकड घ्यायची.

अर्धाक्लच
ताई, हे वर टाकायला हवं होतं. कोपराचं कुणी सांगतच नाही.

साखळी
मोठ्या गाडीवर हाच क्लच असा सोडायचा नाही हां. सहाशे सीसीच्या पुढे दुसऱ्या गिअरमध्ये निवांत उठते, पहिल्यात फार अंगावर येते.

गरगर
माझ्याकडे स्कूटर आहे. मला कोण विचारणार 😢

न्यूट्रल
गरगर, २०१७ मध्ये जपानच्या मासारू आबेने ५० सीसीच्या यामाहा जॉग स्कूटरवर १३ तासांत ५०० किलोमीटर व्हीली केली. बॅलन्सवर राहिलात तर ताकद लागतच नाही, तो वरचाच हिशोब. त्याआधी यासुयुकी कुडोने १९९१ मध्ये ३३१ किमी केले होते.

गरगर
५०० किमी?? मला बसून १०० किमीत पाठ धरते

मुक्कामपोस्ट
स्कूटरवाल्यांनी एक बघा, कॉम्बी ब्रेक असेल तर डावा लिव्हर पुढचाही ब्रेक लावतो. पुढचं चाक हवेत थांबतं आणि टेकताना झटका बसतो. पुढचं चाक फिरतंच राहिलं पाहिजे, म्हणून गाडी वर असताना पुढच्या लिव्हरवर बोटसुद्धा नको.

उतरताना थोडी रेस चालू ठेवायची. बंद केली की आपटते. हँडल सरळ नसताना टेकलं तर दोन्ही बाजूंना फडफडतं. तेव्हा घट्ट धरू नका, सैल सोडलं की बहुतेक वेळा आपलं आपण शांत होतं.

फुटरेस्ट
एबीएसचं (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) काय?

न्यूट्रल
दोन्ही चाकांचं एबीएस असेल तर एक चाक मंद आणि एक जोरात, हे त्याला पटत नाही. दिवा लागतो. काही गाड्यांत मागचा ब्रेकही सोडून देतो, आणि आपण तर त्याच ब्रेकवर जिवंत! आधी वीतभर उंचीवर तपासा. बंद करायची सोय असेल तर सरावापुरतं बंद, ट्रॅक्शन कंट्रोलही बंद. फक्त पुढच्या चाकाचं एबीएस असेल तर मागच्या ब्रेकला काही फरक पडत नाही.

साखळी
विषयांतर: धुतल्यावर ग्लोव्हजचं लेदर ताठ झालंय, कुणी उपाय सांगा.

टूस्ट्रोक ताई
उन्हात वाळवलेत ना? सावलीत, हातात घालून. अर्धवट ओले असतानाच मुठी वळत राहा.

ग्रीसनाना
परत आलो. आपटून आपटून पहिला जातो तो कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), मग फोर्कचे ऑइल सील. कोनसेट तपासायला पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि एका बोटाने हँडल डावीकडून उजवीकडे सावकाश न्या. बरोबर मध्यावर 'टक' करून अडलं तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. घट्ट करून उपयोग नाही, बदलायचाच. सीलसाठी फोर्कची नळी कापडाने पुसा, पुढचा ब्रेक धरून चारपाच वेळा दाबा. तेलाचं कडं उमटलं तर सील गेलं. ते तेल ओघळून डिस्कवर आलं की पुढचा ब्रेकही गेला.

अर्धाक्लच
पडण्याचं कुणीच लिहीत नाहीये. मागे पडतेय असं वाटलं तर हँडल सोडायचं आणि पायांवर उतरायचं. धरून ठेवलं की गाडी अंगावर. म्हणून स्पीड पळत गाठता येईल एवढाच, २० च्या आत. मनगटाला दोरी बांधलेला किल स्विच लावा, तो तुम्ही उतरल्यावर इंजिन बंद व्हावं यासाठी आहे. वर असताना बटण दाबायचं नाही, चाक दगडासारखं खाली येतं.

जागा: दोनशे मीटर सपाट डांबर, वाळू नको. किंचित चढ असेल तर उत्तम, स्पीड वाढत नाही. उतारावर नाही म्हणजे नाही.

फुटरेस्ट
चाक सोपं उठावं म्हणून स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) बदलायचंय. माझ्या गाडीला मागे ४२ दात आहेत. ४५ लावलं तर चेन पुरेल का? की पुढचंच एक दात कमी करू?

ग्रीसनाना
पुढे १४ आहे ना? १३ ला ४२ म्हणजे ३.२३, १४ ला ४५ म्हणजे ३.२१. फरक नाही म्हणा. पुढचं लहान करणं सोपं, पण चेन जास्त वळते आणि लवकर झिजते. मागे ४५ लावलं तर चाक साधारण एक सेंटिमीटर पुढे घ्यावं लागेल. ॲडजस्टरला पुढे तेवढी जागा राहिली असेल तर तीच चेन पुरते, नाहीतर दोन कड्या वाढवा. आता चाक कुठल्या खुणेवर आहे?

फुटरेस्ट
खाली जाऊन बघतो. लिफ्ट बंद आहे, वेळ लागेल.