सायलेन्सर बदलला की फ्युएल ट्यूनर हवाच? मला हे पटत नाही

घाटमाथा_६५०

सह्यवारू यांनी परवा लिहिलं: ‘फ्री फ्लो लावला आणि ट्यूनर घेतला नाही तर गाडी लीन चालून इंजिन जळणार. घ्यायचा तर सगळ्यात महागातला घ्या.’ (फ्री फ्लो म्हणजे धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर, ट्यूनर म्हणजे इंजिनाला जाणारं पेट्रोल कमी-जास्त करणारा डबा, लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.) त्याखाली पंधरा-वीस जणांनी ‘कुठला घेऊ, कितीला पडेल’ विचारलंय. ‘माझी गाडी लीन चालते हे ओळखायचं कसं’ हे एकानेही विचारलं नाही. मला राहवलं नाही. याच सल्ल्यापायी मी वर्षभर माझ्या गाडीचे हाल केलेत.

रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर, २०१९ची. सायलेन्सर बदलले, त्याच वेळी गॅरेजमध्ये बेंड (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारे पाइप) खोलून पॉलिशही करून घेतले. घरी येईपर्यंत थ्रॉटल सोडला की फटफट फटाके. ‘लीन झाली, ट्यूनर लागणारच’ असं सांगितलं, लावला. पहिले दोन दिवस गाडी लोण्यासारखी. मग अ‍ॅव्हरेज सत्तावीसवरून एकोणीसवर. सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोलचा वास. प्लग काढले तर बोटाला काजळी, ऑइल काढलं तर त्यालाही पेट्रोलचा वास. चार वेळा ट्यूनरचा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता, बदलून घेतला.

शेवटी आमच्या खालच्या मजल्यावरचे काका, जन्मभर एसटीच्या वर्कशॉपला होते, त्यांनी सकाळी थंड इंजिन चालू करायला लावलं आणि दोन्ही सायलेन्सरच्या तोंडावर ओले फडके दाबून धरायला सांगितले. डावा बेंड हेडला जोडतो तिथून फुस्स फुस्स. टॉर्च मारला तर फ्लॅंजखाली काळी रेघ. बेंड बसवताना जुनंच, चेपलेलं गॅस्केट परत घातलं होतं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची, पुढच्या ओटू (ऑक्सिजन) सेन्सरला ती दिसायची आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कंप्युटर, समजायचा की मिश्रण लीन आहे. तो पेट्रोल वाढवायचा, त्यावर ट्यूनरही वाढवायचा. दोन नवी गॅस्केटं घातली, फटाके बंद. ट्यूनर काढला तो आजतागायत कपाटात आहे.

स्लिप-ऑनच लावलाय, म्हणजे फक्त मागचा सायलेन्सर बदललाय, आणि बेंड, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि एअर बॉक्स (एअर फिल्टरची पेटी) कंपनीचेच आहेत, तर साध्या चालवण्यात ओटू सेन्सर बघून ईसीयू स्वतःच मिश्रण सांभाळतो. पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सरकडे बघत नाही, पण तिथे कंपनीचा मॅप आधीच रिच, म्हणजे पेट्रोल जास्त देणारा, असतो. एअर बॉक्स उघडला, कॅट काढला, कॅम किंवा बोअर बदलला, की गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी मोजा, मग कुठला घ्यायचा ते विचारा.

सह्यवारू

माझं नाव घेऊन लिहिलंत म्हणून उत्तर देतो. तुमच्या मिस्त्रीने गॅस्केट बदललं नाही, त्याचा राग माझ्यावर का? मी डीकॅट (कॅट काढलेला), मोकळा एअर फिल्टर आणि फ्री फ्लो अशा पूर्ण सेटअपबद्दल बोलत होतो. माझी गाडी तीन हजाराच्या आसपास अडखळायची, खंबाटकी चढताना गिअर पाडल्याशिवाय ओव्हरटेक होत नव्हता. ट्यूनर लावल्यावर त्याच चढाला चौथ्या गिअरमध्ये ओढते. कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये उजवी पोटरी भाजायची, तेही कमी झालं. मी अठरा हजार किलोमीटर चालवलीय, ऐकीव सांगत नाही.

घाटमाथा_६५०

तुमच्या पोस्टमध्ये डीकॅटचा शब्द नव्हता. ‘फ्री फ्लो लावला’ एवढंच होतं. वाचणाऱ्या पोराने तेवढंच धरलं आणि गाडीच्या हप्त्यावर ट्यूनरचा हप्ता चढवला.

मिस्त्री_सांगलीकर

दोघंही अर्धं बोलताय. बावीस वर्षं हात काळे केलेत म्हणून सांगतो.

कंपनीचा ओटू सेन्सर नॅरोबँड. ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये तो इकडून तिकडे उडत राहतो आणि एवढंच सांगतो की रिच आहे का लीन. किती, ते सांगत नाही. किती ते वाइडबँड सांगतो. त्यासाठी बेंडाला बंग, म्हणजे सेन्सर बसवायचा आट्यांचा तुकडा, वेल्ड करावा लागतो, बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर बसवायचा, मीटर टाकीवर चिकटवायचा आणि पाठीमागे बसून लोड देत गाडी फिरवायची. गिऱ्हाईक म्हणतं, ‘एवढं कशाला, तुम्ही डबा लावा, चारला न्यायला येतो.’ मग लावतो.

आता डब्यांचं. फ्युएलएक्स ओटूचा सिग्नल आणि इंजेक्टर धरतो, फक्त पेट्रोल सांभाळतो. पॉवरट्रॉनिक इग्निशनही, म्हणजे ठिणगीची वेळही, हलवतो. दोन्ही बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे. पॉवर कमांडर अमेरिकेच्या डायनोजेटचा, मोठ्या बाहेरच्या गाड्यांवाले तो मागतात. रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा कोकण, अशा माणसाने इग्निशनला हात लावणारा डबा डायनोशिवाय, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर तपासल्याशिवाय, घेऊच नये. टायमिंग दोन अंश जास्त पुढे गेलं आणि चढाला गाडी खडखडली तर पिस्टन जातो. पेट्रोल थोडं जास्त झालं तर निदान फक्त खिसा जळतो.

आणि ती पाचशे रुपयांची ‘चिप’ कोणी घेऊन येऊ नका. हवेच्या टेंपरेचर सेन्सरच्या वायरला लावलेला रेझिस्टर आहे तो. ईसीयूला वाटतं हवा गार आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. बाकी काही नाही.

जुनी_५००

चर्चा भलतीकडेच चाललीय. सगळ्या गाड्या लीन चालताहेत त्या सायलेन्सरने नाही, पंपावरच्या ई२०ने, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने. माझी क्लासिक ५००, बीएस४, एक स्क्रूही बदललेला नाही. दोन वर्षांपूर्वी बत्तीस द्यायची, आता अठ्ठावीस. सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या सेल्फला चालू होते. पेट्रोलचा होज फुगून चिकट झाला, तो बदलला. पैसे पूर्ण पेट्रोलचे आणि टाकीत उसाचं पाणी. ट्यूनर लावायला लागतोय तो सरकारच्या कृपेने, माझ्या हौसेने नाही.

ऊसपट्टा_कागल

‘उसाचं पाणी’ म्हणताना तोंड सांभाळा. आमच्या अडीच एकरातला ऊस आहे तो. कारखान्याला साखरेच्या जोडीला इथेनॉलचे पैसे मिळायला लागले तेव्हा कुठे बिलं जरा वेळेवर यायला लागली. त्याआधी एफआरपीसाठी (उसाच्या ठरलेल्या दरासाठी) माझ्या वडिलांनी कारखान्याच्या दारात किती दिवाळ्या काढल्या ते तुम्हाला माहीत नाही. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने बंदी घातली, तेव्हा आमच्या गावात काय वाटलं ते येऊन विचारा. चार किलोमीटर कमी पडले म्हणून तुम्ही शेतकऱ्याला नावं ठेवणार?

जुनी_५००

शेतकऱ्याला कोण नावं ठेवतंय? मला पर्याय का नाही, एवढंच विचारतोय. ई२०चा नळ ठेवा, शेजारी जुन्या गाड्यांना साधं पेट्रोल ठेवा. पंपावर विचारलं तर म्हणतो सगळीकडे हेच आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलंय की जुन्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज तीन-चार टक्क्यांनी घटेल. मग दर का नाही घटवला?

ऊसपट्टा_कागल

तीन-चार टक्के म्हणजे बत्तीसवर सव्वा किलोमीटर. तुमचे चार गेले. उरलेले पावणेतीन कुठे गेले ते होजमध्ये आणि प्लगमध्ये शोधा, आमच्या फडात नका शोधू. दर कमी करा म्हणाल तर मीही तुमच्याबरोबर आहे. पण ‘पाणी’ हा शब्द मागे घ्या.

जुनी_५००

शब्द मागे घेतो. चुकीचा होता. दराचं म्हणणं मागे घेत नाही.

डोंगरवाट

तुमचं भांडण मिटलं असेल तर मुद्द्याची एक गोष्ट. माझी हिमालयन ४११. नाशिकहून स्पितीला जायचं ठरलं तेव्हा सगळे दादालोक म्हणाले, ताई, उंचीवर हवा विरळ, ट्यूनर लाव. मी लावला नाही. कुंझुम खिंडीत गाडी मंद झाली, सगळ्यांचीच झाली, पण बंद पडली नाही. आमच्या ग्रुपमधली ट्यूनरवाली एकच गाडी लोसर गावाला थांबली. ट्यूनरच्या वायरिंगचा कपलर (जोड) पाण्यात भिजला होता. अर्धा तास दगडावर बसून आम्ही तो पुसला, शेवटी डबा काढून गाडी कंपनीच्या वायरिंगवर आणली आणि निघालो.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि १८२अ कोणीच काढलं नाही. बदल नियमाबाहेरचा असेल तर एकेका बदलाला पाच हजार दंड. डीकॅट करून पेट्रोल वाढवलं की पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वर जातो. आमच्या गल्लीत पहाटे पाचला फ्री फ्लो चालू झाला की माझी आई दचकून उठते, तिला बीपी आहे. चौथ्या गिअरमध्ये चढ चढण्याचा आनंद मला कळतो, मी स्वतः चालवते. पण त्याची किंमत शेजारपाजाऱ्यांनी का मोजायची?

सह्यवारू

ताई, आवाजाबद्दल मान्य. मी डीबी किलर (आवाज दाबणारी नळी) काढलेला नाही आणि सोसायटीत गाडी ढकलत गेटबाहेर नेतो. पण कपलर भिजला हा बसवणाऱ्याचा दोष. ग्रीस भरून सीटखाली उंचावर बांधला असता तर भिजला नसता.

मिस्त्री_सांगलीकर

बरोबर, तो बसवण्याचाच दोष. माझ्याकडून सुरुवातीला दोनदा झालाय.

आता त्या ई२०चं सांगतो, कारण त्याचा ट्यूनरशी खरा संबंध आहे. साध्या पेट्रोलला एक भाग पेट्रोल, १४.७ भाग हवा. ई१०ला १४.१च्या आसपास, ई२०ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे ई१०वर बेतलेल्या गाडीत ई२० भरलं की तेवढ्याच हवेला चारेक टक्के पेट्रोल जास्त लागतं. ओटू चालू असतो तेव्हा ईसीयू ते भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलला ओटू बंद, तिथे कमी पडतं. डीकॅट आणि मोकळा फिल्टर त्याच्यावर आले, की तूट वाढते. त्यामुळे घाटमाथा, तुमचं ‘कंपनीचा मॅप आधीच रिच असतो’ हे जुन्या पेट्रोलचं गणित आहे. ई२०वर न बेतलेल्या गाडीला ते आता पूर्ण लागू होत नाही.

आणखी एक. मीटरवर १३.२ दिसलं म्हणून खूश होऊ नका किंवा घाबरू नका. बहुतेक मीटर लॅम्डा (प्रत्यक्ष मिश्रणाचं नेमक्या मिश्रणाशी प्रमाण) मोजतात आणि १४.७ने गुणून दाखवतात. पेट्रोल कुठलंही असो, लॅम्डा १ म्हणजे मीटरवर १४.७. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८८ ते ०.९ बघा, म्हणजे मीटरवर १३च्या आसपास. ‘ई२० आहे म्हणून आकडा अजून खाली पाहिजे’ असं म्हणून पोरं मॅप साडेअकरापर्यंत नेतात आणि मग प्लग काळे घेऊन येतात.

घाटमाथा_६५०

ई२०चा हिशेब मी धरला नव्हता. ते वाक्य चुकलं, मान्य. सह्यवारू, तुमच्या सेटअपला ट्यूनर लागतो हेही मान्य. पण ‘सगळ्यात महागातला घ्या’ हे मला अजूनही मान्य नाही आणि गळती न तपासता लावा हे तर मुळीच नाही.

सह्यवारू

मी पोस्टमध्ये डीकॅट आणि फिल्टरचा उल्लेख घालतो. गळती तपासण्याचंही लिहितो, तुमचं नाव न घेता. महागाचं वाक्य तसंच राहील, माझा अनुभव तोच आहे.

घाटमाथा_६५०

ठीक. सांगलीकर, माझा कपाटातला ट्यूनर घेऊन तुमच्याकडे येऊ का? स्लिप-ऑनवर ई२० भरून वाइडबँड काय दाखवतो ते एकदा बघायचंय. तुमचा आकडा लीन निघाला तर इथेच लिहीन.

मिस्त्री_सांगलीकर

या. शनिवारी रात्री गाडी आणून लावा आणि मुक्काम करा. गळती सकाळी थंड इंजिनावरच सापडते, गरम झाल्यावर लोखंड फुगतं आणि फट बुजते. बेंडाची नवी गॅस्केटं तुम्हीच आणा, माझ्याकडची संपलीत.